तोंडात राहून आलेला क्राऊन पुन्हा ग्लेझ करताना बुडबुडे आणि करडी कडा

प्रश्न (लॅब तंत्रज्ञ, सांगली)

नमस्कार. एका लहान डेंटल लॅबमध्ये मी ६ वर्षांपासून सिरॅमिकचे काम करते. गेल्या आठवड्यात खालच्या दाढेचा एक पीएफएम क्राऊन (धातूवर पोर्सिलेन चढवलेली दाताची टोपी) दवाखान्यातून परत आला. तात्पुरत्या सिमेंटने तो १५ दिवस रुग्णाच्या तोंडात होता. चावताना उंच लागतो म्हणून डॉक्टरांनी वरून घासला आणि पुन्हा ग्लेझ (वरचा पातळ, चकचकीत काचेचा थर) करून मागितला. मी तो स्टीमने धुतला, ग्लेझचा पातळ हात दिला आणि आमच्या पावडरीच्या नेहमीच्या प्रोग्रामवर, म्हणजे ८९० अंशांवर व्हॅक्यूमशिवाय भाजला. बाहेर काढल्यावर घासलेल्या जागी मोहरीहून बारीक बुडबुडे दिसले आणि मार्जिनलगत, म्हणजे हिरडीकडच्या काठाशी, करडी कडा उमटली होती. त्याच ट्रेवरचे दोन नवे क्राऊन मात्र स्वच्छ, चकचकीत निघाले. आमच्याकडे दुपारी व्होल्टेज खालीवर होते, त्यामुळे फर्नेसचे तापमान चुकले असेल असे वाटते. तापमान थोडे वाढवून पुन्हा भाजावे का?

आणखी एक विचारते. हेच डॉक्टर पूर्ण झिरकोनियाच्या (धातूविना, कठीण पांढऱ्या सिरॅमिकच्या) दाढांना चावण्याच्या बाजूने ग्लेझ नको असे सांगतात. ते योग्य आहे का?

उत्तर १ (सिरॅमिस्ट, पुणे)

तापमान कृपया वाढवू नका. फर्नेस चुकली असती तर त्याच ट्रेवरचे दोन नवे क्राऊनही बिघडले असते. आपला प्रश्न आपणच अर्धा सोडवला आहे. तरीही फर्नेसबद्दल मनात शंका राहणार असेल, तर शुद्ध चांदीच्या तारेची चाचणी करून घ्या. चांदी साधारण ९६२ अंशांना वितळते. एकदा त्याच्या किंचित खाली आणि एकदा किंचित वर प्रोग्राम लावला, की तार जशीच्या तशी राहिली किंवा तिची गोळी झाली यावरून फर्नेस कुठे आहे ते कळते. व्होल्टेजसाठी चांगला स्टॅबिलायझर असलाच पाहिजे, पण या क्राऊनचा दोष त्यात नाही.

पोर्सिलेन तोंडात राहिले की ओलावा धरते. त्यातच घासल्यामुळे आतली बंद छिद्रे उघडी पडतात आणि त्यांत ओलावा, लाळेतला अंश, डायमंड बरची भुकटी जाऊन बसते. स्टीमने वरचा पृष्ठभाग धुतला जातो, छिद्रांच्या तळापर्यंत ती पोहोचत नाही. मग ग्लेझ वितळून वरची वाट बंद करते, खालून वाफ व वायू येतात आणि आपल्याला बुडबुडा दिसतो. करडी कडा बहुधा आत राहिलेल्या सिमेंटची आहे, कारण तात्पुरत्या सिमेंटमधला तेलकट अंश पूर्ण जळून जाण्याआधी काच बंद झाली, तर कार्बन आतच अडकतो.

मी असे क्राऊन पुढीलप्रमाणे हाताळतो. आतल्या बाजूचे सिमेंट ५० मायक्रॉनच्या ॲल्युमिनाने, दाब कमी ठेवून पूर्ण काढतो. बुडबुड्यांची जागा बारीक दगडाने खालच्या घट्ट थरापर्यंत उतरवतो आणि दहापट भिंगाखाली एकही खड्डा दिसेनासा झाल्यावरच थांबतो. नंतर डिस्टिल्ड पाण्यात अल्ट्रासॉनिकमध्ये धुतो आणि तेथून पुढे क्राऊनला बोट लावत नाही, फक्त चिमट्याने धरतो. उघड्या मफलच्या (फर्नेसच्या तापणाऱ्या कप्प्याच्या) तोंडाशी निदान २० मिनिटे वाळवतो आणि मग मिनिटाला साधारण ३० अंश इतक्या सावकाश गतीने तापमान चढवतो. नव्या क्राऊनसाठी बेतलेला प्रोग्राम इथे घाईचा ठरतो, आणि आपण तोच लावला होता.

तापमान वाढवल्याने बुडबुडा जात नाही. उलट पोर्सिलेनमधली काच जास्त वाहते, कस्प (दाढेची उंच टोके) गोलसर होतात, आपण हाताने काढलेल्या खाचा बुजतात आणि शेडही बदलते.

उत्तर २ (दंतवैद्य, कृत्रिम दंतरोपण व क्राऊनचे काम)

झिरकोनियाबाबत आपल्या डॉक्टरांचे म्हणणे मला पटते. फेल्डस्पॅथिक पोर्सिलेनमध्ये (पीएफएमवर चढवतात त्यात) स्वतःची काच असते, म्हणून ते वेगळी पेस्ट न लावताही चमक धरू शकते. झिरकोनियात अशी काच नसल्यामुळे त्यावरचे ग्लेझ हा एक वेगळा, पातळ थर असतो. चावण्याच्या जागी तो कालांतराने झिजतो आणि खालचा पृष्ठभाग खडबडीत असेल, तर समोरचा नैसर्गिक दात घासला जातो. म्हणून चावण्याची बाजू आधी डायमंड रबरने आरशासारखी पॉलिश करून द्या आणि ग्लेझ गालाकडच्या बाजूला ठेवा. झिरकोनियासाठी ग्लेझही तापल्यावर होणाऱ्या त्याच्याच प्रसरणाशी जुळणारे घ्या. पीएफएमचे प्रसरण त्याहून बरेच जास्त असते, त्यामुळे पीएफएमची ग्लेझ पेस्ट झिरकोनियाला लावल्यास बारीक तडे जाऊ शकतात.

आम्हा दंतवैद्यांनाही माझी विनंती आहे: उंची बिस्क ट्रायलच्या (ग्लेझ करण्याआधी तोंडात बसवून पाहण्याच्या) वेळीच आर्टिक्युलेटिंग पेपरने (चावल्यावर ठसा उमटवणाऱ्या रंगीत कागदाने) नीट तपासावी. तोंडात राहिलेला क्राऊन पुन्हा भट्टीत पाठवण्यापेक्षा घासलेली जागा दवाखान्यातच रबरने पॉलिश केलेली बरी.

प्रश्नकर्ती

दोघांचीही मनापासून आभारी आहे. आज सकाळी सांगितल्याप्रमाणे केले. भिंगाखाली पाहिले तेव्हा मधल्या खाचेत सुईच्या टोकाएवढे चार खड्डे अजून शिल्लक होते. पहिल्या वेळी मी भिंग लावलेच नव्हते. ते काढून सावकाश भाजल्यावर चावण्याची बाजू स्वच्छ आली. मार्जिनची करडी कडा मात्र फिकट का होईना, राहिलीच आहे.

उत्तर १ (सिरॅमिस्ट, पुणे)

ती कडा आता भाजून जाणार नाही, आणि तिसऱ्यांदा भाजल्यास तडा जाण्याचा धोका वाढेल. हिरडीच्या वर दिसत असेल तर डॉक्टरांना स्पष्ट कळवा आणि तो क्राऊन नव्याने करा.