कागद जाड घेण्याआधी ग्रेन (तंतूंची दिशा) पाहावा

इमारतींच्या कागदी प्रतिकृतींची छपरे वाकतात म्हणून १६० ऐवजी ३०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा) कागद घ्यावा, हा सुचवला जाणारा उपाय मला पटत नाही, कारण एवढ्या जाड कागदाची घडी फुटते आणि कडेला पांढरी रेघ उमटते. जपानमधील हिमेजी किल्ल्याचा कागदी संच करताना (१६०९ साली पूर्ण झालेला त्याचा मुख्य बुरूज बाहेरून पाच मजली दिसतो, आत मात्र सहा मजले आणि तळघर आहे) दुसऱ्या छपराची एक लांब पट्टी माझ्याकडून पानावर आडवी छापली गेली, आणि पांढरा डिंक लावताच ती पन्हळीसारखी वळली. उभ्या, म्हणजे तंतूंच्या दिशेने छापलेल्या बाकीच्या पट्ट्या मात्र सरळ राहिल्या. कागदातील तंतू ओलाव्याने लांबीपेक्षा रुंदीत अधिक फुगतात, हे त्यामागचे कारण. त्यामुळे छपाईपूर्वी त्याच कागदाचा चौकोनी तुकडा कापून फक्त एका पृष्ठभागावर किंचित ओला करावा: त्याची जी नळी वळते, तिच्या लांबीची दिशा हीच तंतूंची दिशा. लांब घड्या शक्यतो त्या दिशेनेच याव्यात. डिंकही बाटलीतून थेट न ओतता टाचणीच्या टोकाने लावावा. पावसाळ्यात तर तोही थोडा घट्ट होऊ देऊनच वापरावा.