जॉश ॲलनचं उदाहरण जपून वापरा

इथे दोघांनी 'NFL मधल्या (अमेरिकन फुटबॉल) बफेलो बिल्सच्या ॲलनलाही जम बसायला तीन वर्षं लागली, मग आपल्या संघाच्या क्वार्टरबॅकलाही (पास फेकणारा मुख्य खेळाडू) थांबून पाहू' असं लिहिलंय. ॲलनची कम्प्लिशन टक्केवारी (झेलल्या गेलेल्या पासचं प्रमाण) 2018 मध्ये 52.8, पुढच्या वर्षी 58.8 आणि 2020 मध्ये 69.2 होती, हे खरं. पण 2020 मध्येच स्टेफॉन डिग्ज हा रिसीव्हर (पास झेलणारा) संघात आला होता, आणि पदार्पणाच्या हंगामातच ॲलनने स्वतः धावून 8 टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपार नेणं) केले होते. पास चुकत होते तेव्हाही तो सामना फिरवू शकत होता. अशी उडी क्वचितच दिसते. तिच्या भरवशावर करार करू नये.

आकड्यांआधी व्हिडिओ बघा. सॅक झाला (पास फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडलं) की चेंडू त्याच्या हातात किती वेळ होता ते मोजा. दोन सेकंदांत त्याच्यासमोरचा बचाव कोसळला तर दोष लाइनचा (त्याला वाचवणाऱ्या फळीचा); साडेतीन सेकंद मिळूनही मोकळा रिसीव्हर दिसला नाही तर दोष क्वार्टरबॅकचा. दबाव नसतानाही नजर रिसीव्हरवरून हटून रशरकडे (त्याला पाडायला धावणाऱ्याकडे) जात असेल, तर मला तरी आशा वाटत नाही. नेम सुधारतो, ही सवय सहसा जात नाही.

पैशांचं म्हणाल तर ड्राफ्टच्या (नव्या खेळाडूंच्या निवडीच्या) पहिल्या फेरीतल्या खेळाडूच्या पाचव्या वर्षाचा पर्याय (करार एक वर्ष वाढवण्याचा संघाचा हक्क) वापरायचा की नाही हे तिसऱ्या हंगामानंतर मे महिन्याच्या सुरुवातीपर्यंत ठरवावा लागतो, आणि लीग व खेळाडू संघटनेच्या 2020 च्या करारापासून ती रक्कम पूर्ण हमीची असते. न्यूयॉर्क जायंट्सनी त्यांचा क्वार्टरबॅक डॅनियल जोन्ससाठी तो नाकारला, मग एका बऱ्या हंगामावर 2023 मध्ये 4 वर्षांचे 16 कोटी डॉलर दिले. नोव्हेंबर 2024 मध्ये त्याला सोडलंही.