विकास समितीच्या बैठकीत विद्यार्थ्यांचा विषय कसा घ्यायला लावायचा?

मदत हवी आहे. लातूर जिल्ह्यातलं अनुदानित कॉलेज, नांदेडच्या विद्यापीठाशी संलग्न. मी विद्यार्थी परिषदेची सचिव आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ च्या कलम ९७ नुसार परिषदेचे अध्यक्ष आणि सचिव महाविद्यालय विकास समितीचे सदस्य असतात. समितीच्या वर्षात किमान चार बैठका व्हायला हव्यात. आम्हाला मात्र नोटीस मिळत नाही. बैठक उरकली की शिपाईकाका रजिस्टर घेऊन सहीला येतात. न बसता सही करायची नाही, हे आम्ही दोघांनी ठरवलंय.

विषय साधा आहे. प्रॅक्टिकल संपेपर्यंत खेड्यांकडची शेवटची एसटी निघून जाते. मुली प्रॅक्टिकल अर्धवट सोडतात, काहींचं तर घरचे कॉलेजच बंद करतात.

प्राचार्यांना लेखी अर्ज दिलाय, आवक शिक्क्याची प्रत जवळ आहे. उत्तर तोंडी: ‘बघू.’ माहिती अधिकार शेवटी वापरेन. कुठल्याच पक्षाची संघटना मध्ये नको, आणि माझं शेवटचं वर्ष आहे.

सदस्य-सचिव प्राचार्यच असतात. मग विषयपत्रिकेसाठी पत्र थेट समितीच्या अध्यक्षांना दिलं तर चालतं का? आणि तिथेही दाद लागली नाही, तर विद्यापीठात नेमकं कुणाकडे जायचं: विद्यार्थी विकास विभाग की कुलसचिव?