मदत हवी आहे: स्मोकरचं एलिमेंट गेलंय, जागी काय बसवू?

मंडळी, घरच्या इलेक्ट्रिक स्मोकरने (लाकडाच्या धुरावर मंद आचेत पदार्थ शिजवायची पेटी) मान टाकली आहे. दिवा लागतो, पण आत ऊब म्हणून नाही. मागचं झाकण काढून मल्टिमीटर लावला. एलिमेंट ८०० वॉटचं आहे, म्हणजे २३० व्होल्टच्या हिशोबाने ६६ ओहमच्या आसपास यायला हवं. मीटर सरळ ओपन दाखवतोय, म्हणजे आतून सर्किट तुटलंय. एका टोकाचा लग (वायर जोडायची धातूची पट्टी) काळाठिक्कर पडलाय, वायरचं आवरण हात लावताच भुगा होऊन गळतं.

तेव्हा एलिमेंट बदलायचं, यात वाद नाही. पण त्याच मापाचं मिळत नाहीये. एकाने १५०० वॉटचं सुचवलं. ते साडेसहा अँपिअर खेचणार, आत्ताचं साडेतीन. थर्मोस्टॅटचे पॉइंट तग धरतील का? शिवाय मला ११० अंशांवर तासन्‌तास मंद धग हवी, भट्टी नको! आत हॉट प्लेट ठेवली, तर बंद पेटीत तिचा स्वतःचा थर्मोस्टॅट मध्येच कट मारेल आणि लाकडाचे तुकडे धुमसायचे थांबतील, ही धास्ती. गॅस बर्नर मात्र कृपया सुचवू नका.

ओव्हनचं यू आकाराचं एलिमेंट कुणी वाकडंतिकडं न करता बसवलंय का? आणि वायर सिलिकॉनची घ्यावी की फायबर ग्लासची?