भिंतीवर उलटी रिक्षा! फोटो कसा काढू?

गोदाकाठची
नमस्कार मंडळी. आम्ही नाशिकच्या भांडी बाजाराजवळच्या जुन्या वाड्यात राहतो. परवा सकाळी दहाच्या सुमारास लेक माडीवरच्या खोलीत खेळत होता. ओरडतच खाली आला, "आई, भिंतीवर रिक्षा उलटी चाललीय!" वर जाऊन दार लावलं, डोळे अंधाराला सरावले, आणि खरंच की! खिडकीच्या फळीतली गाठ निखळून भोक पडलंय, रुपयाच्या नाण्याहून जरा लहान. त्यातून समोरचं अख्खं दुकान आमच्या चुन्याच्या भिंतीवर उतरलेलं. घागरी, बंब, पातेली, सगळं खाली डोकं वर पाय. तांब्याचा लालसर रंगसुद्धा कळत होता. आम्ही दोघं पाऊण तास तिथेच बसून राहिलो, कुकर लावायचाही राहिला.

पण फोटो काही येत नाही. फोनवर नुसता काळोख. भावाचा जुना डीएसएलआर ऑटोवर ठेवला तर फ्लॅश उडतो आणि भिंतीचे पोपडे तेवढे दिसतात. कुणी केलंय का हे? सुट्टी आहे, लेकाबरोबर असे आणखीही प्रयोग करायचे आहेत. महागडं सामान मात्र नको.

सिडकोवाला
ताई, नशीबवान आहात! मी हेच करायला खिडकीला आठवडाभर काळा कागद लावून बसलो होतो. याला कॅमेरा ऑब्स्क्युरा म्हणतात. प्रकाश सरळ रेषेत जातो, म्हणून घागरीच्या वरच्या भागाचा किरण भोकातून भिंतीच्या खालच्या भागावर पडतो आणि चित्र उलटं होतं.

तुमचं भोक मोठं आहे, त्यामुळे चित्र धूसर येत असणार. कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा कापा, त्याला गोल भोक पाडा, कडा पॉलिश पेपरने घासा आणि फळीवर चिकटवा. भिंत दहा फुटांवर असेल तर सगळ्यात रेखीव चित्र साधारण अडीच मिलिमीटरच्या भोकाला येतं, पण तेवढ्यात डोळ्यांना जवळजवळ काहीच दिसत नाही. मुलाची मजा जाईल. दहा मिलिमीटरपासून सुरुवात करा. दाराच्या फटीत जुनी चादर कोंबा, हे विसरू नका.

डीएसएलआर मॅन्युअलवर: आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ८००, लेन्सचं छिद्र एफ ४, शटर तीस सेकंद उघडं. फ्लॅश बंद. फोकस आधी दिवा लावून भिंतीवर करून घ्या, मग मॅन्युअल करा, नाहीतर लेन्स अंधारात चाचपडत राहते. ट्रायपॉड नसेल तर धान्याच्या डब्यावर ठेवा आणि दोन सेकंदांचा टायमर लावा. फोनला प्रो मोड असेल तर सात-आठ सेकंदही पुरतील. समोरच्या दुकानावर ऊन असेल तेव्हाच करा. तुमची खिडकी पश्चिमेला दिसतेय, म्हणजे वेळ सकाळचीच. आणि तीस सेकंदांत धावती रिक्षा फोटोतून गायब होईल, हे लेकाला आधीच सांगून ठेवा.

मखमलाबादची बाई
मी शाळेत जीवशास्त्र शिकवायचे. मुलांना हळदीचे फोटो फार आवडायचे. दोन चमचे हळद सर्जिकल स्पिरिटमध्ये कालवायची, गाळायची आणि जाड कागदावर सावलीत ब्रशने फासायची. वाळला की वर पिंपळाचं नाहीतर द्राक्षाचं पान, त्यावर काच, आणि गच्चीवर कडक उन्हात दोन-तीन तास. उघड्या कागदावरची हळद उन्हाने विटते, पानाखालची राहते. मग चुन्याची निवळी फवारा. उरलेली हळद क्षणात लाल होते, आणि पिवळ्या पानाचं कुंकवाच्या रंगाचं पान होतं! त्या क्षणी मुलं जी आरोळी ठोकायची, ती अजून कानात आहे. वनस्पतींच्या रंगांवर ऊन काय करतं यावर इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८४२मध्येच लिहून ठेवलंय. हे चित्र पक्कं होत नाही, वहीत मिटून ठेवा. निवळी तुम्ही फवारा, मुलाच्या डोळ्यांत जाऊ देऊ नका.

त्र्यंबककर
कुंडीत वाटाणा पेरा आणि रोज एकाच वेळी, एकाच जागेवरून एक फोटो. महिन्याभराने सलग जोडा. आमच्या गावचे दादासाहेब फाळके (जन्म १८७०) यांनी चित्रपटासाठी पैसा उभा करायला वाटाण्याचीच वाढ अशी चित्रित करून दाखवली होती. मुलाला एकदा पांडवलेणीच्या पायथ्याच्या फाळके स्मारकात न्या.

गोदाकाठची
आला फोटो!! दहा मिलिमीटर, तीस सेकंद, डब्यावर ठेवून. पहिल्या तीनांत चादर सरकली होती, चौथा जमला. रिक्षा एकही नाही, गल्ली रिकामी, आणि दुकानदार काका बिल लिहीत बसले होते म्हणून स्पष्ट आलेत, पेनाचा हात तेवढा धुरासारखा. फोटो सरळ करून त्यांना दाखवला तर बराच वेळ बघत राहिले. उद्या दहा वाजता अर्धा मिनिट उंबऱ्यात न हलता उभं राहायचं त्यांनी कबूल केलंय. लेकाने त्यांना मोठा हंडा पुढे मांडायला सांगितलाय. बाई, हळद आज रात्री कालवते. वाटाणेही भिजत घातलेत.