येळवसीचं जेवण आणि त्याआधीची तंटा-बैठक: सोसायटी ग्रुपवरील चर्चा

सचिव (ए-२०४): नमस्कार मंडळी. यंदा येळवसीचं सामूहिक जेवण आणि त्यासोबत आपसांतले तंटे मिटवायचा कार्यक्रम, असा विषय कमिटीत आलाय. येळवस म्हणजे रानात पूजा करून तिथंच जेवायचा सण, त्या मार्गशीर्ष अमावास्येला निम्मं लातूर रानात असतं, बाजारपेठ ओस पडते. म्हणून जेवण त्यानंतरच्या रविवारी दुपारी १२ ला, पार्किंगमध्ये. साधारण १०० पानं धरली आहेत. सूचना टाका.

बी-१०१: लई भारी. जेवायच्या आधी माईक फिरवू. ज्याच्या पोटात जे असेल ते बोलून टाकावं, तिथंच हात मिळवावा, फोटो काढावा.

सी-३०३: भाऊ, तेवढं सोडून काहीही करा. माईक हातात आला की माणूस शेजाऱ्याशी बोलत नाही, बघ्यांशी बोलतो. १०० जणांसमोर "हे मुद्दाम पाणी सोडतात" असं एकदा म्हटलं की समोरच्याला पटलं तरी माघार घेता येत नाही, त्याची लेकरंबाळं बघायलेत ना. तंटा आधी बंद खोलीत मिटवायचा. पंगतीत त्याचा उल्लेखसुद्धा नको.

दिवस उलटे मोजा. जेवणाच्या २१ दिवस आधी अर्ज सुरू, ५ दिवसांत बंद. पुढचे १० दिवस बैठका. शेवटचे ६ दिवस नवीन काही घ्यायचं नाही, ठरलेलं काम सुरू झालंय का तेवढंच बघायचं. आदल्या रात्री घाईघाईत मिटवलेलं भांडण ताट धुवायच्या आत पुन्हा उभं राहतं.

अर्जात चारच रकाने ठेवा: काय होतंय, कधीपासून, मला काय हवं, आणि समोरच्याचं म्हणणं काय असेल. चौथा रकाना कोरा असेल तर अर्ज परत द्या. तो भरताना निम्म्या लोकांचा पारा आपोआप उतरतो.

ए-५०२: ताई, मध्यस्थ कोण? अध्यक्षसाहेबच बसतील का?

सी-३०३: नाही. सोसायटीतल्या बऱ्याच तक्रारींत कमिटीच एक बाजू असते, मग अध्यक्ष न्याय करायला कसे बसणार? प्रत्येक अर्जाला दोन माणसं, दोन्ही दुसऱ्या विंगमधली. पाहुणे-भावकी नको, धंद्यातली भागीदारी नको. दोघांत एक बाई असावीच, कारण पाणी, कपडे, कचरा या तंट्यांची खरी माहिती घरातल्या बाईकडं असते आणि ती दोन पुरुषांपुढं मोकळं बोलत नाही.

आधी दोन्ही घरांशी वेगवेगळं, अर्धा-अर्धा तास. मग एकत्र, तासाभरापेक्षा जास्त नाही. एकत्र बैठकीत जुन्या गोष्टी निघाल्या की मध्यस्थानं एकच प्रश्न धरून ठेवायचा: "आता पुढं काय करायचं?" कोण चुकलं हे ठरवायला बसलात तर उठायला रात्र होईल.

ए-४०१: गळतीच्या अर्जांना बैठकीआधी चाचणी लावा. सगळ्यात जास्त अर्ज त्याचेच येणार आणि कारण माहीत नसताना चर्चा म्हणजे नुसती तोंडपाटीलकी. वरच्या बाथरूमची नहाणी ट्रॅप (फरशीतलं पाणी जायचं तोंड) बोळ्यानं किंवा प्लगनं घट्ट बंद करा, फरशीवर २ इंच पाणी साठवा, त्यात थोडी नीळ टाका, २४ तास ठेवा. खाली निळसर ओल आली तर फरशीचं वॉटरप्रूफिंग किंवा ट्रॅपचा जोड गेलाय. नीळ दिसली नाही म्हणून वरचे लगेच सुटले असं नाही, स्लॅबमध्ये रंग गाळला जाऊ शकतो. म्हणून खालचा डाग पेन्सिलीनं आखून ठेवा आणि वाढला का ते बघा.

डाग तेवढाच राहिला तर पाणी काढून टाका आणि वरच्या घराचा मेन व्हॉल्व्ह २४ तास बंद ठेवा. ओल कमी व्हायला लागली तर भिंतीतली पाइपलाइन. फक्त गीझर लावल्यावर टपकत असेल तर गरम पाण्याची लाइन. दोन्ही घरांनी चाचणीला एकत्र उभं राहायचं, एकट्यानं केलेली चाचणी दुसरा मानत नाही.

बी-३०४: माझ्या मते निम्मी भांडणं या ग्रुपवरच पेटतात 😅

सचिव (ए-२०४): बरोबर. अर्ज सुरू झाल्यापासून जेवणापर्यंत ग्रुपवर फ्लॅट नंबर घेऊन तक्रार नको. फोटो आला तर ॲडमिन काढून टाकेल, कोणाचाही असो.

सी-२०१: मेंटेनन्सची थकबाकी पण यात घ्यायची का?

सी-३०३: वसुली नाही, ती सहकार खात्याच्या उपनिबंधकांच्या मार्गानं होते. हप्ते पाडून हवे असतील तर तेवढं कमिटीशी बोलता येईल. आणि घरातली मारहाण, लहान लेकराशी गैरप्रकार, जातीवरून शिवीगाळ हे विषय या टेबलावर येताच कामा नयेत. तिथं समजूत घालणं म्हणजे सोसणाऱ्यालाच गप्प करणं. पोलिसांसाठी ११२, बायकांसाठी १८१, लेकरांसाठी १०९८, हे नंबर अर्जाच्या मागच्या बाजूला छापा.

ए-१०३: गावाकडं तंटामुक्तीची समिती असते, तसंच ना हे?

सी-३०३: काका, पद्धत तीच. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झाली, ती गावांसाठी. तिथंही गंभीर गुन्हे समितीकडं नव्हतेच, तडजोड होऊ शकेल असेच घ्यायचे. एक गोष्ट मात्र उचलायची नाही, ती म्हणजे बक्षिसासाठी आकडा वाढवणं. आकड्याच्या मागं लागलं की कागदावर मिटतं, जिन्यात मिटत नाही.

ठरलेलं लिहून घ्या. कोण करणार, कोणत्या तारखेपर्यंत, पैसे कोण किती देणार, झालं की नाही हे कोण बघणार. "प्रयत्न करीन", "सहकार्य करू" असले शब्द खोडा. उदाहरणार्थ: "वरच्या घरानं १५ तारखेपर्यंत ट्रॅप बदलायचा, खालच्यांनी प्लंबरला दोन दिवस सकाळी १० ते १ छत उघडून द्यायचं, रंगाचा खर्च निम्मा-निम्मा." दोघांच्या सह्या, दोन प्रती, ग्रुपवर टाकायची नाही.

बी-१०१: आणि सही करून फिरला तर?

ए-१०३: त्या कागदाला कोर्टाच्या हुकमाचं वजन नाही. ते हवं असेल तर दोघांनी मिळून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज द्यायचा, दावा न लावताही प्रकरण लोकअदालतीत ठेवता येतं. तिथला निवाडा १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं दिवाणी हुकूमनाम्यासारखा धरतात आणि त्यावर अपील नाही. चौकशीला १५१०० हा नंबर आहे.

सी-१०२: आता पोटाचं बोला 😄 भज्जी, म्हणजे दाणे आणि पालेभाज्यांची मिसळ भाजी, आमच्याकडं. १०० माणसांना तुरीचे दाणे, वाटाणा, ओला हरभरा, वाल मिळून ८ किलो सोललेले. मेथी, पालक, चुका, पात मिळून ५ किलो निवडलेलं. बेसन २ किलो, ओले शेंगदाणे १ किलो. चिंच आणि चुका दाणे शिजल्यावरच टाकायचे, आंबट आधी पडलं की दाणे कितीही उकळा, टणकच राहतात. बेसन गार पाण्यात कालवून शेवटी, नाहीतर गुठळ्या होतात आणि बूड लागतं.

आंबिलीला ज्वारीचं पीठ सव्वा किलो, ताक १० लिटर. थंडीत पीठ लवकर आंबत नाही, शुक्रवारी रात्रीच भिजवा. शनिवारी रात्री शिजवून पूर्ण गार होऊ द्या, मग ताक. गरमात ओतलं तर फाटतं. भाकरी १५० लागतील, १४-१५ किलो पीठ. त्या एखाद्या बचत गटाला सांगा, घरोघरी वाटून दिल्या तर कोणाची जाड, कोणाची पातळ यावरून नवीन अर्ज येईल.

ए-३०१: काकू, आम्हा जैन घरांसाठी थोडी बाजूला निघेल का?

सी-१०२: निघेल की. गाजर आणि कांद्याची पात आम्ही मोठ्या पातेल्यात शेवटी टाकू. त्याआधी ४ किलोचं वेगळं पातेलं भरून त्याला जिऱ्या-मिरचीची वेगळी फोडणी देऊ. लसणाची फोडणी फक्त मोठ्या पातेल्याला. डाव वेगळा आणि वाढणारा माणूसही वेगळा, डाव बदलला की सगळं व्यर्थ.

बी-३०४: "आदर्श शेजारी" पुरस्कार ठेवू या का? नगरसेवकांच्या हस्ते?

सी-३०३: एकाला दिला की बाकीचे ४७ फ्लॅट वाईट शेजारी झाले. पाहुणा आला की भाषण, भाषण आलं की भज्जी गार. दोन्ही नको. ज्यांचं मिटलंय त्यांची नावं घेऊ नका, त्यांना मुद्दाम शेजारी बसवू नका. वाटलं तर वाढपाची एकच पाळी द्या, पण आधी दोघांना विचारून. हातात बादली असली की बोलणं कामापुरतं होतं आणि तेवढं पुरतं.

ए-५०२: साउंड?

सचिव (ए-२०४): डीजे नाही. रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे, बाहेर लावलेले दोन मोठे स्पीकर ती सहज ओलांडतात. सूचनेपुरता छोटा माईक. वर्गणी फ्लॅटमागं सारखी, बंद लिफाफ्यात, आणि न देणाऱ्यांची यादी ग्रुपवर येणार नाही.

ए-४०१: कोपीला, म्हणजे पूजेच्या छोट्या खोपीला, कडब्याच्या ५ पेंढ्या लागतील, गाड्यांपासून किमान २० फूट लांब. आत दिवा ठेवायचा असेल तर काचेच्या कंदिलात, बाजूला वाळूची बादली. पूजेचे पाच पांडवांचे दगड चुना लावून शनिवारीच ठेवा, ओला चुना लेकरांच्या हाताला लागतो.

बी-१०१: पेंढ्या मी आणतो. सचिवसाहेब, अर्जाचे कागद कधी वाटायलाव?

सचिव (ए-२०४): सोमवारी, वॉचमनच्या केबिनमध्ये. पेटीला कुलूप, चावी सी-३०३ ताईंकडं.