उपहास, उपरोध, विडंबन : वाचनगटाची यादी करताना पडलेला प्रश्न

विचारणा

आमच्या वसाहतीतील वाचनगट दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी भरतो. बारा-चौदा माणसे जमतात. त्यांत निवृत्त शिक्षक आहेत, नुकतीच नोकरीला लागलेली मुले आहेत आणि हिंदी पुस्तके आवडीने वाचणारी दोन-तीन माणसेही आहेत. या वेळी मी सूचनाफलकावर ‘पुढील तीन महिने : उपहासात्मक पुस्तके’ अशी चिठ्ठी लावली. दुसऱ्या दिवशी पाहतो तो तिच्याखाली कोणीतरी पेन्सिलीने ‘कोणाचा?’ एवढाच शब्द लिहून ठेवला होता. आधी मला तो खोडसाळपणा वाटला. पण सुचवण्या येऊ लागल्या तेव्हा आपण नेमके काय मागितले आहे हे आपल्यालाच ठाऊक नाही, असे माझ्या ध्यानात आले.

‘बटाट्याची चाळ’, ‘झेंडूची फुले’, ‘सलाम’, ‘निवडक ठणठणपाळ’ आणि महात्मा फुले यांची ‘गुलामगिरी’ अशी पाच नावे आली. ती सुचवताना कोणी विनोदी म्हणाले, कोणी विडंबनात्मक, कोणी औपरोधिक, तर एकाने ‘व्यंग’ असा शब्द वापरला. हे सगळे एकाच अर्थाचे शब्द आहेत काय? नसतील, तर चिठ्ठीवर कोणता असावा? विचारण्याचे आणखी एक कारण आहे. मागील वर्षी आम्ही ‘झेंडूची फुले’ मोठ्याने वाचले तेव्हा अर्धी खोली पोट धरून हसत होती आणि उरलेली अर्धी, म्हणजे सगळी तरुण मंडळी, एकमेकांची तोंडे पाहत होती. ही चूक पुस्तकाची नव्हती आणि मुलांचीही नव्हती. ती निवड करणाऱ्याची, म्हणजे माझी होती, असे मला वाटते.

प्रतिसाद

आपल्या फलकावर पेन्सिल चालवणाऱ्या गृहस्थांनी किंवा बाईंनी व्याकरणाचा अगदी नेमका प्रश्न विचारला आहे. कोशातील अर्थ पाहिले तर हे शब्द एकमेकांच्या अंगावर पडतात, कारण बहुतेक कोश एकाचा अर्थ देताना दुसऱ्याचा आधार घेतात. त्याऐवजी हे शब्द वाक्यात कसे बसतात ते पाहावे.

‘त्याने माझा उपहास केला’ असे आपण म्हणतो. ‘त्याने माझा उपरोध केला’ असे मात्र मराठी माणूस म्हणत नाही. तो ‘उपरोधाने बोलला’ असे म्हणतो. ‘त्याने माझ्या कवितेचे विडंबन केले’ हे चालते, पण ‘तो विडंबनाने बोलला’ हे कानाला लगेच खटकते. उपहासाला ‘कोणाचा’ लागतो, विडंबनाला ‘कशाचे’ लागते आणि उपरोधाला दोन्ही लागत नाही, त्याला फक्त ‘कसे’ लागते. म्हणून माझ्या समजुतीप्रमाणे उपहास हा हेतू आहे, उपरोध ही बोलण्याची तऱ्हा आहे आणि विडंबन हा रचनेचा घाट आहे. हे तीन वेगळे कप्पे नव्हेत. एकाच कवितेत तिन्ही नांदू शकतात.

आपल्याच यादीतील उदाहरण घ्या. आचार्य अत्रे यांनी ‘केशवकुमार’ या नावाने लिहिलेल्या ‘झेंडूची फुले’ (१९२५) या संग्रहात केशवसुतांच्या ‘आम्ही कोण?’ या कवितेचे विडंबन आहे. मूळ कविता शार्दूलविक्रीडितात आहे आणि विडंबनही त्याच वृत्तात, एकोणीस अक्षरांचे तेच माप राखून चालते. पहिल्या ओळीचा पूर्वार्ध जवळजवळ जसाच्या तसा ठेवला आहे आणि मग दुसऱ्या अर्धात एकदम पायाखालची जमीन काढून घेतली आहे. मुळात कवी स्वतःला देवाचे लाडके म्हणवतो. विडंबनातील कवीला मासिकात आपला फोटो छापून आल्याचे कौतुक आहे. आता येथे विडंबन कशाचे? केशवसुतांच्या कवितेचे. आणि उपहास कोणाचा? केशवसुतांचा मुळीच नव्हे. अत्र्यांचा रोख आहे तो त्यांच्या स्वतःच्या काळातील, रविकिरण मंडळ या कविगटाच्या दिवसांतील, प्रसिद्धीला हपापलेल्या कवींवर. साचा एकाचा आणि घाव दुसऱ्यावर, अशी ही गंमत आहे. ‘अत्र्यांनी केशवसुतांचा उपहास केला’ असे वाक्य परीक्षेच्या मार्गदर्शकांत कधी कधी दिसते, ते याच दोन शब्दांची गल्लत झाल्यामुळे.

आपली तरुण मंडळी गप्प का राहिली, याचेही उत्तर यात आहे. उपहास समजायला समोरचा माणूस किंवा त्याची जात-जमात ओळखीची असावी लागते. विडंबन समजायला मूळ रचना कानात असावी लागते. पूर्वी शाळेतून पाठ झालेल्या कविता ज्यांच्या कानात होत्या ते हसले. ज्यांनी मूळ कविता ऐकलीच नव्हती त्यांच्यापुढे आपण नक्कल ठेवलीत आणि असल पाहण्याची संधी दिली नाहीत.

जाता जाता एक सांगतो. संस्कृतात विडंबन म्हणजे नक्कल, आणि नक्कल करून खाली पाहायला लावणे. मराठीत या एका शब्दाची दोन भावंडे झाली. विडंबन साहित्यात राहिले आणि विटंबना पोलीस ठाण्यात गेली. ‘कवितेची विटंबना’ आणि ‘पुतळ्याचे विडंबन’ ही दोन्ही वाक्ये मी छापलेली पाहिली आहेत.

प्रतिसाद

‘व्यंग’ या शब्दाबद्दल थोडे लिहितो, कारण हल्ली तो फार सैल हाताने वापरला जातो. मराठीत व्यंग म्हणजे अंगातील दोष, उणीव. त्याचे वर्म काढणे म्हणजे ‘व्यंगावर बोट ठेवणे’, आणि व्यंगचित्र हा शब्दही आपल्याकडे याच अर्थाने समजला जातो. हिंदीतील ‘व्यंग्य’ वेगळा. त्यात शेवटी ‘य’ आहे आणि तो ‘वि’ उपसर्गासह ‘अञ्ज्’ या धातूपासून, म्हणजे व्यंजनेच्या कुळातून आला आहे. संस्कृत काव्यशास्त्रकार आनंदवर्धनाच्या ध्वनिविचारात व्यंग्यार्थ म्हणजे शब्दांनी न सांगता सुचवलेला अर्थ. त्यात हसण्याचा संबंध असलाच पाहिजे असे नाही. करुण रसही व्यंग्य असू शकतो. हिंदीने पुढे तो शब्द हरिशंकर परसाई, श्रीलाल शुक्ल यांच्यासारख्यांच्या लेखनप्रकाराला दिला आणि तेथे तो छान रुळला. शुक्लांची ‘राग दरबारी’ (१९६८) ही व्यंग्य कादंबरी आहे, असे हिंदीत म्हणणे योग्यच आहे. पण मराठीत ‘य’ गाळून ‘व्यंग कादंबरी’ म्हटले, तर ऐकणाऱ्याला कादंबरीतच काही खोट आहे असे वाटेल.

आपण ‘औपरोधिक’ असे लिहिले आहे. उपचारापासून औपचारिक, उद्योगापासून औद्योगिक, तसे उपरोधापासून औपरोधिक, हे संस्कृत नियमाला धरून आहे. ‘उपरोधिक’ मात्र इतका रूढ झाला आहे की त्याला चूक म्हणण्याचा हट्ट मी सोडला आहे. खरी मौज मूळ शब्दातच आहे. संस्कृतात उपरोध म्हणजे अडथळा, कोंडी. मराठीत तो टोचून बोलण्यापर्यंत कसा आला हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण उपरोधाने बोलणारा समोरच्याची कोंडी करतो, त्याला रागावताही येत नाही आणि आभारही मानता येत नाहीत, हे घरोघरी अनुभवाला येते. अर्धा तास उशिरा आलेल्या पाहुण्याला ‘वा, अगदी वेळेवर आलात!’ म्हणून पाहा.

प्रतिसाद

तीन जड शब्दांवर सगळी चर्चा चालली आहे, म्हणून थोडे बोलीकडे वळतो. कोपरखळी, चिमटा, टोमणा, टवाळी, खिल्ली यांच्या छटा आपण रोज पाळतो आणि पुस्तकांविषयी बोलू लागलो की विसरतो. कोपरखळी शेजारी बसलेल्यालाच मारता येते, कारण कोपर तेवढाच पोचतो. जयवंत दळवी यांनी ‘ठणठणपाळ’ या नावाने ‘ललित’ मासिकात ‘घटका गेली, पळे गेली’ हे सदर चालवले आणि वसंत सरवटे यांनी त्या ठणठणपाळाच्या हातात भला मोठा हातोडा दिला. हातोडा चित्रात होता. मजकुरात बहुतेक कोपरखळ्याच होत्या, कारण ज्यांना त्या बसत ते लेखक दळवींच्याच वर्तुळातले आणि त्याच मासिकाचे वाचक होते. त्याला उपहास म्हणताना माझी जीभ अडखळते. उपहासात तुच्छतेचा थेंब असतोच. तो येथे क्वचितच सापडतो.

‘बटाट्याची चाळ’ (१९५८) मला आपल्या यादीत नको वाटते. ‘उपास’ वाचताना आपण वजन उतरवू पाहणाऱ्या त्या गृहस्थांना हसतो ते स्वतःला त्यांच्या जागी बसवूनच. तो निखळ विनोद आहे, आणि म्हणून तो उणा ठरत नाही. ‘सलाम’ (१९७८) मात्र अवश्य ठेवा. पाडगावकरांच्या त्या कवितेतील माणूस सगळ्यांना मुजरे घालत सुटतो. शब्द आदराचे आणि अर्थ संतापाचा, हा उपरोधाचा धडाच आहे. पण तेथेही पेन्सिलीचा तो प्रश्न विचारून पाहा. उपहास दादागिरी करणाऱ्यांचा आहे, की भीतीने वाकलेल्या सलाम करणाऱ्याचा? आमच्या घरी यावर एकदा जेवण थंड झाले होते.

प्रतिसाद

‘गुलामगिरी’ उपहासात्मक पुस्तकांच्या यादीत पाहून काहींना आश्चर्य वाटले असेल. मला ती निवड सर्वांत चांगली वाटते. १८७३ साली निघालेल्या या पुस्तकाचा ढाचा धोंडीबा आणि जोतीराव यांच्या संवादाचा आहे. दशावताराच्या कथा एकेक करून घ्यायच्या आणि शेतकऱ्याच्या रोकड्या अकलेने त्यांना प्रश्न विचारायचे, ही त्याची रीत. मत्स्यावतार आला की माशाचे अंडे, पाण्यातला जन्म, माणसाचे मूल तेथे जगणार कसे, अशा शंका गंभीर चेहऱ्याने मांडल्या जातात. तेथे एकही शब्द हसवण्यासाठी लिहिलेला वाटत नाही आणि तरी मोठ्याने वाचताना ओठ हलल्याशिवाय राहत नाहीत. हसू येते आणि पुढच्याच पानावर ते घशात अडकते, कारण मागे पिढ्यान्‌पिढ्यांचे दास्य उभे आहे. पुराणकथेचा साचा वापरला म्हणून त्याला विडंबन म्हणता येईल काय, यावर वाद होऊ शकेल. मी म्हणणार नाही, कारण फुले कथेच्या शैलीची नक्कल करत नाहीत, तिची उलटतपासणी करतात.

त्याबरोबर ‘निबंधमाला’ या मासिकातील थोडा भाग वाचावा, असे सुचवतो. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली ती सुरू केली आणि तिच्यात फुल्यांच्या पुस्तकांचा, विशेषतः त्यांच्या भाषेचा, भरपूर समाचार घेतला. उपरोधावर शास्त्रीबुवांची हुकमत होती, हे कबूलच करावे लागते. पण एकाचा उपहास ज्यांच्या हाती पोथी आहे त्यांच्याकडे जातो आणि दुसऱ्याचा ज्यांना पोथी शिवू दिली नाही त्यांच्या व्याकरणाकडे. दोघांसाठी आपण एकच शब्द वापरतो. वर कोणी म्हटले की उपहासात तुच्छतेचा थेंब असतोच. फुल्यांकडे मला तुच्छतेपेक्षा चीड दिसते, तेव्हा ती व्याख्या थोडी सैल करावी लागेल.

मूळ विचारणाऱ्याकडून

सर्वांचा आभारी आहे. ‘बटाट्याची चाळ’ दिवाळीच्या बैठकीसाठी राखून ठेवली आहे. पहिल्या महिन्यात ‘सलाम’, दुसऱ्या महिन्यात ‘गुलामगिरी’ आणि तिच्याबरोबर निबंधमालेतील निवडक पाने असे ठरले. ‘झेंडूची फुले’ तिसऱ्या महिन्यात पुन्हा घेणार आहोत, पण या वेळी प्रत्येकाच्या हाती एकेक कागद असेल. डाव्या बाजूला मूळ कविता, उजव्या बाजूला विडंबन. आधी डावी बाजू चालीवर म्हणायची आणि ती सर्वांच्या कानात बसली की मगच उजवीकडे वळायचे. ‘निवडक ठणठणपाळ’बद्दल एकमत झाले नाही, कारण त्यातील लेखकांची नावे तरुणांना माहीत नाहीत आणि कोपर पोचायला शेजार हवा, हे मला पटले.

चिठ्ठी मी बदलली आहे. ‘उपहासात्मक पुस्तके’ हे शब्द तसेच ठेवले, मात्र प्रत्येक पुस्तकाच्या नावापुढे ‘कोणाचा?’ असे लिहून जागा कोरी सोडली आहे. पेन्सिल दोरीने बांधून ठेवली आहे.